ठाण्यात बसून जागतिक रॅलीचा हंगाम कसा पाहावा: नवख्यांसाठी

जागतिक रॅली अजिंक्यपद, म्हणजे डब्ल्यूआरसी, पहिल्यांदा पाहायला बसलेला माणूस साधारण अर्ध्या तासात उठतो. एक गाडी धुरळा उडवत जाते. दोन-तीन मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. कुणी कुणाला मागे टाकत नाही. माझ्या भाच्याने तर सरळच विचारलं, "मामा, हे सगळे एकेकटेच फिरतायत, मग शर्यत कुठंय?"

शर्यत पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांत आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप जमतं. नाही बसलं तर चौदा फेऱ्या पाहूनही फक्त धूळ आठवेल. म्हणून या लेखात गाड्यांची ताकद, हॉर्सपॉवर वगैरे जवळजवळ नाही. गाडी थोडी कमी बघायची आणि घड्याळ जास्त, एवढंच शिकायचंय.

आधी एका फेरीची चौकट समजून घ्या

हंगाम जानेवारीत मॉन्टे कार्लोपासून सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो. २०२५ मध्ये १४ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरी म्हणजे एक स्वतंत्र रॅली, आणि ती बहुधा गुरुवार ते रविवार चालते. आठवड्याच्या सुरुवातीला चालक आणि को-ड्रायव्हर (शेजारी बसून पुढची वळणं वाचून सांगणारा) साध्या गाडीतून, वेगमर्यादा पाळून, प्रत्येक रस्ता दोनदा बघून येतात. ही रेकी. मग शेकडाउन, म्हणजे छोटी चाचणी. आणि मग खरं काम.

खरं काम दोन प्रकारच्या रस्त्यांवर चालतं. एक स्टेज: पूर्ण बंद केलेला रस्ता, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजणी. अशा स्टेज मिळून एका रॅलीत साधारण ३०० किलोमीटर होतात, आणि सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज ज्याची सगळ्यात कमी तो जिंकतो. दुसरा रोड सेक्शन: एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंतचा सार्वजनिक रस्ता. तिथे हीच गाडी नंबर प्लेट लावून, सिग्नल पाळून, भाजीच्या टेम्पोमागून जाते. पुढच्या टाइम कंट्रोलवर ठरल्या मिनिटाला हजर व्हायचं असतं. उशीर झाला तर मिनिटाला १० सेकंदांचा दंड. लवकर पोचलात तर मिनिटाला पूर्ण एक मिनिटाचा! त्यामुळे टाइम कंट्रोलच्या अलीकडे रस्त्याकडेला शांतपणे थांबलेल्या रॅलीच्या गाड्या दिसतात, तो नाश्ता चाललेला नसतो. (घोडबंदर रोडवर शुक्रवारी संध्याकाळी असा रोड सेक्शन ठेवला तर गायमुखपर्यंतच अख्खी रॅली दंडात निघेल, ते सोडा.)

दुरुस्तीलाही घड्याळ आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री सर्व्हिस पार्कमध्ये मोजून वेळ मिळतो. रात्रीचा सगळ्यात मोठा, तो ४५ मिनिटांचा. तेवढ्यात मेकॅनिक अख्खा गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवतात. सर्व्हिस पार्कच्या बाहेर मात्र गाडीला हात फक्त दोघांनी लावायचा, चालकाने आणि को-ड्रायव्हरने, तोही गाडीत असलेल्या हत्यारांनी. रस्त्याकडेला सस्पेन्शनचा मोडका दांडा पट्ट्याने बांधणारा जगज्जेता दिसतो तो यामुळे.

आता आकडे वाचायला बसा

ही पायरी घाईने ओलांडू नका. अख्खा खेळ इथे आहे.

प्रत्येक स्टेजवर मध्ये तीन-चार ठिकाणी वेळ नोंदली जाते. तिला स्प्लिट म्हणतात. समजा एक चालक पहिल्या स्प्लिटला १.२ सेकंदांनी मागे आहे, दुसऱ्याला २.५, तिसऱ्याला ४.१. तूट हळूहळू, सारख्या प्रमाणात वाढतेय. म्हणजे चूक झालेली नाही. टायर चुकीचे निवडलेत, किंवा रस्ताच त्याला वाईट मिळालाय, किंवा आज त्याच्यात तेवढा वेग नाही. दुसरा चालक १.२, १.०, आणि एकदम ८.६. हा दुसऱ्या आणि तिसऱ्या स्प्लिटच्या मध्ये कुठेतरी फिरला, बंद पडला किंवा वळण चुकून पुढे गेला. तिसऱ्याची तूट वीस-तीस सेकंदांनी वाढली आणि पुढे वाढतच राहिली तर तो फुटक्या टायरवर गाडी रेटतोय. आणि एका झटक्यात दीड-दोन मिनिटं गेली तर त्याने थांबून चाक बदललंय. कॅमेरा तिथे नसला तरी हे सगळं तुम्हाला कळतं. समालोचक बोलायच्या आत कळतं, यातली मजा वेगळीच.

सवय लागेपर्यंत एक काम करा. एक साधी वही घ्या, पाच चालक निवडा आणि प्रत्येक स्टेजनंतर फक्त एकच गोष्ट लिहा: आघाडीवरच्यापेक्षा एकूण किती मागे. फोनवर सगळं असतंच, पण हाताने लिहिलं की कोण चढतोय आणि कोण घसरतोय हे डोळ्यांना दिसायला लागतं. शनिवार दुपारपर्यंत वहीचं एक पान भरतं आणि रविवारी काय होणार याचा अंदाज तुम्हीच बांधू लागता.

अंदाज चुकतोही, आणि कसा चुकतो बघा. २०२४ च्या सार्डिनिया रॅलीत शेवटच्या स्टेजआधी सेबास्तियाँ ओजिए ६.२ सेकंदांनी पुढे होता. एवढी आघाडी पुरेशी असते. त्या शेवटच्या स्टेजमध्ये त्याचा टायर फुटला आणि ओट टानाक ०.२ सेकंदांनी जिंकला. तीन दिवस, २६६ किलोमीटर दगडधोंडे, आणि फरक ०.२. त्याआधी २०११ च्या जॉर्डन रॅलीत हाच ओजिए एवढ्याच फरकाने, ०.२ सेकंदांनीच, यारी-मात्ती लाटवालाला हरवून जिंकला होता. देणंघेणं फिटलं म्हणायचं.

पुढे असलेल्याला शिक्षा का होते?

नवख्याला सगळ्यात जास्त चकवते ती गोष्ट ही. शुक्रवारी गाड्या गुणतक्त्याच्या क्रमाने सुटतात, म्हणजे जो हंगामात पहिला तो रस्त्यावरही पहिला. ऐकायला मान वाटतो. पण खडीच्या रस्त्यावर वरच्या थरात सुटी माती आणि बारीक खडे असतात. पहिली गाडी ते झाडून बाजूला करते, मागच्यांना खालचा घट्ट रस्ता मिळतो. झाडूवाला फुकट, आणि वर स्वतः हळू. शनिवारी आणि रविवारी क्रम उलटतो: रॅलीत जो आघाडीवर तो मुख्य गाड्यांमध्ये सगळ्यात शेवटी सुटतो आणि झाडलेल्या रस्त्यावरून जातो. म्हणून शुक्रवारचा निकाल वाचताना आधी विचारायचं, हा कितव्या क्रमांकावर सुटला होता? पहिला सुटून पाचवा आलेला चालक बऱ्याचदा दहावा सुटून दुसरा आलेल्यापेक्षा भारी चाललेला असतो.

डांबरी रस्त्यावर चित्र फिरतं. तिथे गाड्या वळणाच्या आतल्या बाजूने मातीवरून जातात आणि चिखल ओढून रस्त्यावर आणतात, त्यामुळे आधी सुटणं फायद्याचं.

२०२५ चा हंगाम या एका नियमाच्या चष्म्यातून पाहिला तर नीट कळतो. टोयोटाच्या एल्फिन एव्हान्सने स्वीडन आणि केनिया लागोपाठ जिंकून गुणांत आघाडी घेतली. बक्षीस काय मिळालं? उन्हाळ्यातल्या खडीच्या फेऱ्यांमध्ये जवळजवळ दर शुक्रवारी झाडू. त्याच संघातला ओजिए स्वीडन आणि केनियाला गेलाच नव्हता, कारण तो पूर्ण हंगाम खेळत नव्हता. त्यामुळे तक्त्यात खाली होता, मागून सुटत होता. पोर्तुगाल त्याने जिंकलं, सार्डिनियाही. पुढे पॅराग्वे, चिली, जपान. शेवटच्या सौदी अरेबियाच्या फेरीत एव्हान्स ३ गुणांनी पुढे होता आणि फेरी संपली तेव्हा ओजिए ४ गुणांनी विजेता ठरला. त्याचं हे नववं विजेतेपद, सेबास्तियाँ लोएबच्या विक्रमाशी बरोबरी. कुणी म्हणेल, फेऱ्या गाळणारा जिंकला हा अन्याय. माझं मत तसं नाही. गाळलेल्या फेऱ्यांत त्याने शून्य गुण घेतले, ते सगळे त्याला भरून काढावे लागले. पण एव्हान्सबद्दल वाईट वाटतं, एवढं खरं.

गुण

२०२५ ची पद्धत अशी: अंतिम निकालात पहिल्या दहांना २५, १७, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. फक्त रविवारच्या वेळेवर पहिल्या पाचांना ५ ते १. आणि शेवटच्या स्टेजला, जिला पॉवर स्टेज म्हणतात, पुन्हा ५ ते १. म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त ३५.

आता गणित करा. विजेत्याने रविवारी आघाडी सांभाळत आरामात गाडी चालवली तर त्याला २५. दुसऱ्या आलेल्याने रविवार आणि पॉवर स्टेज दोन्ही मारलं तर १७ अधिक १० म्हणजे २७. जिंकलेल्यापेक्षा हरलेल्याला जास्त! शिवाय शनिवारी गाडी ठोकून बाहेर पडलेला चालक दुरुस्ती करून रविवारी वेळेच्या दंडासह परत येऊ शकतो. त्याला एकूण निकालात बहुधा काही मिळत नाही, पण रविवारचे १० गुण तो झपाटल्यासारखा मागतो. म्हणून रविवार सकाळ चुकवू नका. गुणांचे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे दर जानेवारीत एकदा तपासून घ्या.

वेळापत्रक आपल्या घड्याळावर आणा

रॅलीच्या संकेतस्थळावर स्टेजच्या वेळा स्थानिक असतात. त्या एकदाच भारतीय वेळेत लिहून फ्रिजवर लावल्या की घरच्यांनाही कळतं की कुठला रविवार गेला. स्थानिक सकाळी ८ ची स्टेज आपल्याकडे अशी येते: मॉन्टे कार्लो आणि स्वीडन दुपारी १२.३०, पोर्तुगाल आणि कॅनरी बेटंही १२.३०, सार्डिनिया ११.३०, तर केनिया, ग्रीस, एस्टोनिया, फिनलंड आणि सौदी सकाळी १०.३०. ही मंडळी सोयीची. शुक्रवारी ऐरोलीच्या ऑफिसात असाल तर जेवणाच्या सुट्टीत एक स्टेज उरकते, आणि परतीच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये दुपारच्या स्टेजचे स्प्लिट बघता येतात. त्यासाठी व्हिडिओ लागत नाही, आकड्यांचं पान टू-जीवरसुद्धा उघडतं.

दक्षिण अमेरिका मात्र जागरण आहे. पॅराग्वे आणि चिलीत सकाळी ८ म्हणजे आपले संध्याकाळी ४.३०, आणि संध्याकाळी ५ च्या स्टेजला आपल्याकडे मध्यरात्र उलटून दीड. २०२५ मध्ये पॅराग्वेची रॅली नेमकी गणपती बसले त्या आठवड्यात आली. आरती, जेवणं, पत्ते आणि रॅली, सगळं एकाच रात्रीत बसलं. ज्यांच्या घरी गणपती असतो त्यांना जागरणाचं निमित्त शोधावं लागत नाही. जपानचं उलटं: तिकडच्या सकाळी ८ ला आपल्याकडे पहाटेचे ४.३०. नोव्हेंबरात होणारी ही फेरी २०२६ च्या कॅलेंडरमध्ये मे महिन्यात आली आहे, म्हणजे निदान गारठ्यात उठायला नको.

प्रक्षेपणाचं सांगायचं तर रॅली टीव्ही ही अधिकृत सशुल्क सेवा; सगळ्या स्टेज थेट दिसतात. पण सुरुवातीलाच वर्गणी भरायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्या यूट्यूबवरच्या अधिकृत वाहिनीचा दिवसअखेरचा सारांश आणि थेट वेळेचं पान एवढ्यावर काढा. चटक लागली तर पैसे भरा. जुने निकाल खणायचे असतील तर ई-डब्ल्यूआरसी रिझल्ट्स हे संकेतस्थळ उघडा. १९७३ मध्ये स्पर्धा सुरू झाली तिथपासूनचा माल तिथे आहे.

कुठल्या फेरीपासून सुरुवात करावी?

जानेवारीपासून, असं सगळे सांगतात. मी सांगत नाही. मॉन्टे कार्लोत एकाच स्टेजवर कोरडं डांबर, ओलं डांबर आणि बर्फ असतो. टायरचा जुगार समजल्याशिवाय तिथले आकडे वेडेवाकडे वाटतात. ती १९११ पासूनची सगळ्यात जुनी आणि मानाची रॅली, पण दुसऱ्या वर्षी पाहा.

सुरुवात मार्चमधल्या केनियाच्या सफारीपासून करा. नैवाशाच्या आसपासचे रस्ते, पिठासारखी बारीक धूळ, अचानक येणारा पाऊस, मध्ये येणारे झेब्रे. पाण्यातून जावं लागतं म्हणून गाडीच्या खांबाला चिकटून वर काढलेली हवेची नळी फक्त इथे दिसते. इथे वेगापेक्षा गाडी टिकवणं मोठं, आणि ते नवख्यालाही लगेच दिसतं. शिवाय सफारीत आपलं माणूस सापडतं. केनियातल्या भारतीय वंशाच्या जोगिंदर सिंग यांनी ती १९६५, १९७४ आणि १९७६ मध्ये जिंकली. शेखर मेहता यांनी १९७३ मध्ये आणि मग १९७९ ते १९८२ सलग, एकूण पाच वेळा. मेहतांचा पहिला विजय तर बघण्यासारखा आहे: डॅटसनच्याच हॅरी केल्स्ट्रॉमचे आणि त्यांचे दंडगुण अगदी सारखे झाले आणि बरोबरी तोडण्याच्या नियमावर निकाल लागला.

सफारीनंतर जुलै-ऑगस्टमधलं फिनलंड. तिथे रस्ते रुंद, गुळगुळीत आणि उंचवट्यांचे. गाड्या हवेतच जास्त असतात. २०२५ मध्ये काले रोव्हानपेराने ती जवळपास १३० किलोमीटरच्या सरासरी वेगाने जिंकली. सरासरी, लक्षात घ्या. जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर.

गाड्या ओळखायला फार त्रास नाही. मुख्य गटात २०२५ ला टोयोटा जीआर यारिस, ह्युंदाई आय२० एन आणि फोर्ड पुमा. आय२० नाव ऐकून सोसायटीच्या पार्किंगमधली आठवेल, पण आतला सांगाडा पूर्ण वेगळा, नळ्यांचा. चारही चाकांना ताकद, १.६ लिटरचं टर्बो इंजिन. बाजारातल्या गाडीशी जास्त जवळचा तो रॅली२ गट. त्याची स्वतंत्र स्पर्धा असते आणि बऱ्याचदा मुख्य गटापेक्षा चुरशीची.

को-ड्रायव्हरचं ऐका

गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. ओजिएच्या गाडीत फ्रेंच ऐकू येतं, रोव्हानपेराच्या गाडीत फिनिश. एव्हान्स आणि स्कॉट मार्टिन किंवा ऑलिव्हर सोलबर्ग आणि एलियट एडमंडसन या जोड्या इंग्रजीत बोलतात, त्या आधी लावा.

जे ऐकू येतं त्या पेस नोट्स. रेकीत चालकाने सांगितलेल्या आणि को-ड्रायव्हरने वहीत लिहिलेल्या. वळणाला १ ते ६ आकडा देण्याची पद्धत सर्रास चालते: १ म्हणजे अगदी बंद, ६ म्हणजे जवळजवळ सरळ. मराठीत लिहायचं तर साधारण असं होईल: "७० — पाच डावा, उंचवट्यावरून — तीन उजवा, पुढे आवळतो, आतून कापू नको — ४० — हेअरपिन डावा." सत्तर आणि चाळीस हे मीटर, हेअरपिन म्हणजे जवळजवळ उलट फिरवणारं वळण. ऐकताना एक लक्षात ठेवा: तोंडातलं वळण हे समोर दिसणाऱ्याच्या पुढचं असतं. तुम्ही आवाज आणि चित्र एकत्र जुळवायला गेलात तर गोंधळ होणार. एक वळण उशिराने जुळवा.

हे हाडात मुरवायचं असेल तर उपवनहून येऊरला वर जाणारा रस्ता आहेच. नवी मुंबईकरांना बेलापूरचा पारसिक हिल. रविवारी सकाळी दुसऱ्या कुणाला गाडी चालवू द्या, नेहमीच्या वेगात, तुम्ही बाजूला वही घेऊन बसा आणि प्रत्येक वळणाला आकडा द्या. उतरताना तीच वही उलट क्रमाने वाचायचा प्रयत्न करा. चढताना पाच वाटलेलं वळण उतरताना चार निघतं, डाव्याचं उजवं होतं आणि आवळणारं वळण सैल होतं. दहा मिनिटांत को-ड्रायव्हरबद्दलचा आदर दुप्पट. येऊर हे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. हॉर्न नको, वेग नको, मध्येच थांबणं नको. आणि पामबीच रोडवर रात्री जे चालतं त्याचा रॅलीशी काडीचा संबंध नाही. रॅलीचा रस्ता बंद असतो, गाडीत रोलकेज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा पिंजरा) असतो, स्टेजच्या तोंडाशी रुग्णवाहिका उभी असते.

आणि स्वतः उतरायचं असेल तर

आपल्याकडे राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद आहे, परवाने एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था देते. नाशिकच्या बाजूला त्याच्या फेऱ्या झालेल्या आहेत, पण मुख्य तळ दक्षिणेत, कोइम्बतूर-चिकमगळूरकडे. गौरव गिलने आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये जिंकलं आणि २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. पण स्टेज रॅलीचा खर्च, गाडी, पोशाख, विमा बघता तिथून सुरुवात कुणीच करत नाही.

सुरुवात टीएसडी रॅलीपासून होते, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर. घरचीच गाडी, चालू रस्ता, कायद्यातला वेग. आयोजक रोडबुक देतात, त्यात प्रत्येक वळणाचं बाणाचं चित्र, अंतर आणि त्या टप्प्यासाठी सरासरी वेग. दोघंच लागतात, एक चालवायला आणि एक हिशेबाला. गुप्त चौक्यांवर तुमची वेळ नोंदतात. लवकर आलात तरी दंड, उशिरा आलात तरी दंड. मुंबईहून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिलांची रॅली याच पद्धतीची. पहिल्यांदा उतरणाऱ्या मैत्रिणींना मी तीच सुचवतो.

तयारी साधी. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला बरोबर १०० सेकंद, हा पाढा पाठ करा. बाकीचे वेग यावरून काढता येतात. मग ट्रिपमीटर, म्हणजे गाडीतलं अंतर मोजणारं मीटर, तपासा, कारण रोडबुकमधलं अंतर आयोजकांच्या गाडीने मोजलेलं असतं आणि तुमची गाडी ते थोडं वेगळं दाखवते. घरच्या सरावासाठी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलात की किलोमीटरच्या पाट्यांशी २० किलोमीटर ताडून बघा. मीटरने २०.४ दाखवलं तर तुमची गाडी दर किलोमीटरला २० मीटर जास्त मोजते. म्हणजे रोडबुकमध्ये १५ किलोमीटरवर वळण असेल तर ते तुमच्या मीटरवर १५.३ ला येणार. रॅलीच्या दिवशी आयोजक सुरुवातीला असा एक मोजणीचा टप्पा बहुधा देतातच. तिथे आकडा पुन्हा काढा, चिकटपट्टीवर लिहा आणि को-ड्रायव्हरच्या समोर डॅशबोर्डवर लावा. टायरमधली हवा त्यानंतर कमी-जास्त करू नका, आकडा बदलतो.